चार पानांपैकी एक: आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
आपलं मराठी मंडळ, मिडलंड्स, इंग्लंड

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माझ्या वडिलांनी दिलेल्या लेखाबद्दल तुमचं उत्तर मिळालं. बाबांनी चार पानं लिहिली होती, हाताने, फूलस्केपवर, समास आखून. त्यातलं पहिलं पान 'फार गोड उतरलं आहे' म्हणून तुम्ही घेताय. उरलेली तीन 'महोत्सवाच्या प्रसन्न वातावरणाशी जुळत नाहीत'. पहिल्या पानावर फेब्रुवारी १९६९ चा बर्फ आहे, कऱ्हाडहून आणलेली गोधडी आहे आणि इथल्या पहिल्या गणपतीला कणकेची केलेली मूर्ती आहे. बाकीची छप्पन्न वर्षं उरलेल्या तीन पानांत आहेत.

मी स्वतः दोन वर्षं कार्यकारिणीत होते. तुम्हाला खासगीत लिहिलं असतं तर 'विषय पुढच्या बैठकीत घेऊ' असं उत्तर आलं असतं, आणि पुढच्या बैठकीत हॉलचं भाडं आणि समोशांची ऑर्डर एवढ्यातच नऊ वाजले असते. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घाला हसू नका. मी इथेच जन्मले, आणि माझं मराठी रविवारच्या सकाळी बाबांनी घातलेल्या शुद्धलेखनावर पोसलेलं आहे.

बाबांना तुम्ही सगळे ओळखता. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर कोट न काढता बसणारे, नाटकाचा शेवट व्हायच्या आत उठून जाणारे, वर्गणी रोख देऊन पावतीसाठी अडून बसणारे. एका दिवाळीला कुणीतरी माझ्यासमोरच त्यांना 'तिरसट' म्हणालं होतं. मला राग आला नाही, कारण आमच्या घरातला शब्द काही फार वेगळा नव्हता. आई म्हणायची, 'यांचा स्वभावच संशयी.' आणि स्वभावाला औषध नसतं म्हणतात, म्हणून आम्ही कधी दुखणंही शोधलं नाही.

आमच्या जुन्या घराच्या पुढच्या दाराला इथल्या सगळ्या दारांना असते तशी टपालाची फट होती. बाबांनी तिच्यावर आतून पत्रा ठोकला होता. आठ स्क्रू. पोस्टमन आमची पत्रं पायरीवर विटेखाली ठेवून जायचा. शिवाय रोज रात्री झोपण्याआधी बाबा एक निळी बादली काठोकाठ भरून दाराला लागून ठेवायचे आणि सकाळी ते पाणी मागच्या गुलाबांना घालायचे. मी आणि माझा भाऊ ती बादली ओलांडून शाळेला जायचो. एकदा भावाने खेळताना लाथ मारून ती सांडली. बाबांनी आयुष्यात एकदाच त्याच्यावर हात उगारला, तो त्या दिवशी. का, ते सांगितलं नाही. पुसायला फडकं आणलं, फरशी कोरडी केली आणि बादली पुन्हा भरली.

दिवा लावायच्या आधी पडदे ओढायचे. रस्त्यात मराठी बोलायचं नाही, बोललंच तर हळू. बसच्या वरच्या मजल्यावर बसायचं नाही. मैत्रिणीच्या घरी रात्री राहायचं नाही, आणि तिलाही आपल्याकडे बोलवायचं नाही. शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर सही नाही. मी बाईंना सांगायचे की मला गाडी लागते. सात वर्षं मला गाडी लागत होती. हे सगळं मी बाबांच्या खात्यावर मांडलं, आणि वयाच्या अठराव्या वर्षी शक्य तितक्या लांबच्या विद्यापीठात निघून गेले.

तुम्ही कापलेल्या दुसऱ्या पानावर त्या पत्र्याचा आणि बादलीचा हिशोब आहे.

बाबा डिप्लोमा घेऊन लेबर व्हाउचरवर, म्हणजे कॉमनवेल्थ देशांतल्या कामगारांना मिळणाऱ्या परवान्यावर, आले. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, त्यांना मिळालं फेटलिंगचं काम, म्हणजे ओतीव वस्तूंच्या कडांना राहिलेला धातू दिवसभर घासून काढायचा, आणि तेही बहुतेक रात्रपाळीला. त्या वेळी मिडलंड्समधल्या कितीतरी फाउंड्रींमध्ये गरम, धुळीचं आणि रात्रीचं काम आपल्याकडच्या लोकांच्याच वाट्याला असायचं. युनियन होती. पण १९७४ मध्ये लेस्टरला इम्पीरियल टाइपरायटर्स या कारखान्याचे आशियाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्याच युनियनने त्या संपाला मान्यता दिली नाही. ही बातमी बाबांच्या पाळीत तोंडातोंडी पोचली आणि त्यानंतर त्यांनी युनियनच्या सभेला जाणं सोडलं. त्याआधी, १९७२ मध्ये, युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांनी आपल्याकडे येऊ नये म्हणून लेस्टरच्या नगरपालिकेने थेट युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. १९७६ च्या तिथल्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटला, म्हणजे आपल्यासारख्यांना हाकलून द्या म्हणणाऱ्या पक्षाला, सुमारे १८ टक्के मतं पडली. बाबांनी ही टक्केवारी पानाच्या समासात लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. ते हिशोबी माणूस. त्यांचं गणित असं की, बसस्टॉपवर दहा माणसं उभी असली तर त्यातली जवळपास दोन कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

जानेवारी १९७८ मध्ये तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या की या देशातल्या लोकांना परक्या संस्कृतीच्या माणसांनी आपण बुडवले जाऊ अशी भीती वाटते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, रात्रपाळीवरून परतताना, बसस्टॉपवर चार मुलांनी बाबांना खाली पाडलं. एकाने बुटाची टाच त्यांच्या डाव्या हातावर ठेवून फिरवली. त्यांची दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. आम्हाला लहानपणापासून सांगितलं होतं की ती मशीनमध्ये आली. मी ती बोटं जवळजवळ पन्नास वर्षं पाहते आहे. चपाती मोडताना, चष्मा पुसताना, आईच्या अस्थी धरताना. मशीन नव्हतं, हे मला तुम्ही कापलेल्या पानावरून कळलं.

बाबा पोलीस ठाण्यात गेले. काउंटरवरच्या शिपायाने तक्रार लिहून घ्यायच्या आधी त्यांचा पासपोर्ट मागितला. 'मार मी खाल्ला आणि कागद माझेच तपासले,' असं बाबांनी लिहिलं आहे. त्या दिवसापासून त्यांनी एकही कागद टाकला नाही. पगाराच्या चिठ्ठ्या, गॅसची बिलं, जहाजाचं तिकीट, आमच्या लसीकरणाची कार्डं, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत, वर्षवार. १९७३ पूर्वी आलेल्या कॉमनवेल्थच्या लोकांना नागरिकत्वासाठी नोंदणी करायची मुदत १९८७ अखेरपर्यंत होती. बाबांनी ती मुदत सुरू झाल्या झाल्या फी भरली आणि तिची पावतीही ट्रंकेत ठेवली. आम्ही ट्रंकेला 'बाबांचं सोनं' म्हणून हसायचो. मग २०१८ मध्ये विंडरश प्रकरण बाहेर आलं. बाबांसारखेच, त्याच काळात कायदेशीर मार्गाने आलेले लोक, निव्वळ कागद नाहीत म्हणून नोकऱ्या गमावून बसले होते, दवाखान्यातून परत पाठवले गेले होते, काहींना तर देशाबाहेर काढलं होतं. आणि त्यांच्या आगमनाच्या नोंदींची कार्डं गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती. मी त्या रात्री बाबांना फोन केला. वाटलं, निदान एकदा म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो? ते म्हणाले, 'ट्रंकेच्या कडीला गंज लागलाय, येताना तेल आण.'

आणि बादली? आमच्या पलीकडच्या गल्लीत एका घराच्या टपालाच्या फटीतून पेटतं फडकं आत टाकलं होतं. जिन्याची सतरंजी जळली, माणसं वाचली. जुलै १९८१ मध्ये लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये एका आशियाई घरात पेट्रोल ओतून आग लावली, त्यात एक आई आणि तिची तीन मुलं गेली. त्या आठवड्यात बाबांनी पत्रा ठोकला. मी तेव्हा सात वर्षांची होते, भाऊ नऊ.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, लेख कापण्याची. स्मरणिकेच्या आवाहनात तुम्ही 'आपल्या आठवणी, आपल्याच शब्दांत' असं लिहिलं होतं. गोड आठवणी असं लिहिलं असतं तर बाबांनी कागद खर्ची घातले नसते. आणि दुसऱ्या पानावर नुसता मार नाही, हेही तुम्ही नीट वाचलेलं दिसत नाही. त्या रात्री एका जमैकन कंडक्टरने प्रवाशांनी भरलेली बस थांबवली, बाबांना खांद्याला धरून आत घेतलं आणि वेळापत्रक गुंडाळून ठेवून बस हॉस्पिटलच्या दारापर्यंत नेली. फाउंड्रीतल्या एका गोऱ्या फोरमनने सहा आठवडे त्यांचं हजेरीचं कार्ड स्वतः पंच केलं, म्हणून घर चाललं. वाईटाबरोबर तुम्ही ही दोन माणसंही कापलीत.

दुसरी तक्रार जुनी आहे, आणि ती या कार्यकारिणीची चूक नाही. पण वारसा नुसत्या नफ्याचा घेता येत नाही. बाबांच्या त्या मारहाणीनंतर मंडळाचे तेव्हाचे दोन पदाधिकारी घरी आले होते. द्राक्षं घेऊन. त्यांनी सांगितलं की प्रकरण वाढवू नका, पेपरात नाव येईल, आपण इथे पाहुणे आहोत. बाबांनी त्यांची नावं लिहिलेली नाहीत आणि मीही विचारली नाहीत. पोलिसांवरचा भरवसा एका रात्रीत गेला, तो समजू शकतो. आपल्या माणसांवरचा गेला तो त्या द्राक्षांनी. दाराजवळची खुर्ची, न काढलेला कोट, हे सगळं तिथून सुरू होतं.

तिसरी. तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे, त्याने तुमच्यापैकी कुणाला तरी जास्त टोचलं असावं असा माझा अंदाज आहे, कारण ईमेलमध्ये 'अनावश्यक सामाजिक टिप्पणी' असा उल्लेख आहे. खोली भाड्याने घ्यायला बाबा गेले. फोनवर खोली रिकामी होती, दारात चेहरा पाहिल्यावर ती भरली. बाबा लिहितात, 'परत फिरताना मला आमच्या ओसरीखाली उभा राहून ओंजळीत वरून पाणी घेणारा माणूस आठवला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि तांब्या माझ्या हातात होता.' एवढंच. पुढे एकही शब्द नाही. यात अनावश्यक काय आहे ते मला सांगा.

चौथी तक्रार ऑगस्ट २०२४ ची. साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला, खुनी आश्रय मागायला आलेला मुसलमान आहे अशी खोटी अफवा पसरली आणि आठवडाभर देशात दंगली झाल्या. ४ ऑगस्टच्या रविवारी टॅमवर्थमध्ये, आपल्यापासून गाडीने पाऊण तासावर, आश्रय मागणाऱ्या लोकांना ठेवलेल्या हॉटेलवर हल्ला झाला, आग लावली गेली. मिडल्सबरोमध्ये गाड्या अडवून आत बसलेले लोक गोरे आहेत का ते पाहिलं जात होतं. त्या संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका पदाधिकाऱ्यांनी लिहिलं, 'घाबरू नका, रोष आपल्यावर नाही, त्यांच्यावर आहे.' खाली अठ्ठावीस अंगठे. त्यानंतरचा मेसेज मंगळागौरीचा, जांभळी साडी नेसून यायचा. गाडीची काच फोडणारा आडनाव विचारून थांबत नाही, हे गेल्या वीस वर्षांत आयटीच्या व्हिसावर आलेल्यांना ठाऊक नसेल, त्यांना दोष देत नाही. सत्तरच्या दशकात 'पाकी' ही शिवी खाताना बाबांनी कधी 'मी सातारा जिल्ह्यातला' असा खुलासा केला नव्हता. पण ज्यांना ठाऊक होतं ते गप्प राहिले. आणि 'त्यांच्यावर' म्हणजे कुणावर? ज्यांच्यावर तो रोष असलेला आपल्याला चालतो, त्यांच्यावर? हा प्रश्न ग्रुपवर टाकल्यावर माझी पोस्ट 'राजकीय' म्हणून काढली गेली.

त्याच रविवारी आमच्या घरी काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर बाबांनी ऐंशीव्या वर्षी एकाएकी पेन का उचललं हे कळणार नाही.

माझ्या भावाने १९९८ मध्ये एका इंग्रज मुलीशी लग्न केलं. बाबा लग्नाला गेले नाहीत. 'त्यांचे लोक' एवढंच म्हणाले. पुढची अकरा वर्षं बाप-लेक बोलले नाहीत. आई गेल्यावर स्मशानगृहाच्या पार्किंगमध्ये बोलणं सुरू झालं ते आजतागायत हवामान आणि क्रिकेट यांच्यापुढे गेलेलं नाही. वहिनीला बाबांनी आमच्या घराची किल्ली कधी दिली नाही. नातवंडांना कडेवर घेतलं, पण त्यांच्या इंग्रज आजीला चहाला बोलावलं नाही. भाऊ स्पष्ट म्हणतो, वंशद्वेषी कोण असेल तर आपले बाबा. मी त्याच्याशी भांडले आहे, पण त्याचं म्हणणं मला पूर्ण खोडता आलेलं नाही. ज्या बाईने त्यांना कधी वाकडा शब्द बोलला नाही, तिच्यावर त्यांनी चार पोरांचा राग काढला. हे पत्र म्हणजे बाबांची आरती नव्हे.

तर त्या रविवारी भाऊ सहकुटुंब बाबांकडे आला आणि दारातच थबकला. बादली. निळी नाही, या वेळी लाल, पण काठोकाठ भरलेली. भाऊ म्हणाला, 'अजून तेच,' आणि सरळ मागच्या अंगणात निघून गेला. वहिनी मात्र दाराशीच गुडघे टेकून बसली आणि तिने बाबांना विचारलं, ही कशासाठी? आम्ही दोघांनी चाळीस वर्षांत हा प्रश्न असा, रागाशिवाय, कधी विचारला नव्हता. बाबांनी तिला सगळं सांगितलं. इंग्रजीत. फाउंड्री, बसस्टॉप, बोटं, पासपोर्ट, वॉल्थमस्टो. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण बंद करून ऐकत होते. खरं सांगायचं तर मला वहिनीचा हेवा वाटला. मराठीत जे आमच्याशी कधी निघालं नाही, ते परक्या भाषेत, ज्या सुनेवर विश्वास ठेवला नव्हता तिच्यापुढे निघालं. जाताना वहिनीने बादली उचलून दाराच्या बिजागरीच्या बाजूला सरकवली, म्हणाली, इथे ठेवा, अंधारात तुम्हीच अडखळाल.

त्यानंतर महिनाभराने बाबांनी फूलस्केप मागवले. चौथं पान माझ्या भावाबद्दल आहे. त्यातलं एकच वाक्य इथे देते, तेही बाबांना विचारून: 'मुलाला मी जपलं की कोंडलं, हे मला अजून ठरवता येत नाही.' भावाने ते पान वाचलेलं नाही. त्याला मराठी लिपी नीट वाचता येत नाही, आणि मी वाचून दाखवते म्हटलं तर तो म्हणतो, छापून आल्यावर बघू. म्हणून तुमच्या कात्रीचा मला इतका राग आहे. आपल्या मंडळात अशी घरं किती आहेत याची मला कल्पना नाही. पण दाराजवळच्या खुर्चीसाठी लवकर येणारे म्हातारे बाबा एकटेच नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मागण्या अशा आहेत:

१. बाबांचा लेख चारही पानांसह, एकही वाक्य न गाळता छापावा. जागेची अडचण असेल तर माझी एक पानाची जाहिरात रद्द करा, पैसे परत नकोत.

२. लेख निवडताना लावलेली 'सकारात्मक लेखन' ही अट मागे घ्यावी, आणि तिच्यामुळे आणखी कुणाचं लेखन परत केलं असेल तर त्यांना तसं कळवावं.

३. मंडळातल्या सत्तरीपुढच्या सभासदांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, ज्या भाषेत ते बोलतील त्या भाषेत. त्या वेळी त्यांची मुलं समोर असावीत की नसावीत, हे त्यांना ठरवू द्यावं. ध्वनिमुद्रणाचं काम मी करेन.

४. वंशद्वेषी प्रकाराची तक्रार करायला जाणाऱ्या सभासदाबरोबर कुणीतरी जाईल अशी दोन-तीन नावं मंडळाने जाहीर करावीत. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या वंशद्वेषी खुनाच्या प्रकरणावरच्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने पोलीस दलात संस्थात्मक वंशद्वेष असल्याचं नोंदवलं, आणि ज्याच्यावर प्रसंग आला त्याला तो वंशद्वेषी वाटला तरी तो तसाच नोंदवला पाहिजे असं सांगितलं. ही व्याख्या मराठीत लिहून नोटीसबोर्डावर लावा. पुढच्या वेळी कुणाच्या घरी नुसती द्राक्षं जाऊ नयेत.

५. ऑगस्ट २०२४ चा तो मेसेज ग्रुपवर आजही आहे. तो लिहिणाऱ्यांनी स्वतः काढावा. माफीनामा मागत नाही.

स्मरणिका छपाईला जायला अजून तीन आठवडे आहेत. तोवर लेखी उत्तर मिळावं. सोबत चारही पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. मूळ कागद द्यायला बाबांनी नकार दिला. ते ट्रंकेत आहेत.

कळावे,
आपली एक आजीव सभासद

ता. क. महोत्सवाच्या दिवशी बाबा येणार आहेत. दाराजवळची खुर्ची ठेवा.